भट्टी जिल्ह्यात आली म्हणजे झालं का?

"खनिज बाहेर नेऊ नका, इथंच कारखाना काढा," ही मागणी गडचिरोलीत ऐकू येते. ऐकायला बरी वाटते. सुरजागडचा 348 हेक्टरचा खाणपट्टा 2007 मध्ये दिला, आणि लोखंड व्हायचं घुग्घुसला, मग आपल्या पोरांना काय? पण कारखाना म्हणजे नेमकं काय, ते गावात येऊन कोण सांगतं?

स्पंज आयर्नची भट्टी म्हणजे जरा तिरपं ठेवलेलं, आतून विटा लावलेलं भलंमोठं लोखंडी नळकांडं. ते सावकाश फिरत राहतं. वरच्या तोंडातून खनिज, कोळसा, डोलोमाईट टाकायचं. आत हजार अंशांच्या आसपास ताप. दगड वितळत नाही, त्यातला ऑक्सिजन तेवढा निघून जातो. खालून पडतो तो स्पंज. त्याचं पोलाद पुढं दुसऱ्या भट्टीत. एक टन स्पंजला अंदाजे दीड टन खनिज आणि टनभर तरी कोळसा. मागं राहते राख, जळका चुरा आणि धूळ. धूळ धरायचं यंत्र असतं, पण ते वीज खातं. छत्तीसगडात सिलतरा, रायगडकडे काळ्या धुळीचं गाऱ्हाणं वर्षानुवर्षं चालू आहे.

आता हलक्या खनिजाचंही बोलणं निघतं. चांगला दगड फोडून थेट भट्टीत जातो. हलक्यात शंभर किलोला 35-40 किलोच लोखंड. तो आधी दळायचा, पाण्यानं धुवायचा, मग गोळ्या वळून भाजायच्या. म्हणजे तेवढ्याच लोखंडाला डोंगर जास्त फोडायचा, पाणी जास्त उपसायचं, आणि गाळ तळं करून इथंच ठेवायचा. आम्ही पडलो माणदेशी. टँकरची वाट बघत वाढलेली माणसं. पाणी कुणाचं जाणार, हेच आम्हाला आधी सुचतं. कामं मिळतील, नाही कोण म्हणतं? पण राख ओढायची की यंत्र चालवायचं, ते विचारा.

आमचा सातारा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, माणात पेसा लागू नाही. एटापल्लीत आहे. शिवाय 3 ऑगस्ट 2009 ला केंद्रानं परिपत्रक काढलं होतं: जंगल दुसऱ्या कामाला द्यायचं तर आधी वनहक्काचे दावे पुरे करा, ग्रामसभेची संमती आणा. सुरजागड ठाकुरदेवाचा डोंगर आहे, हे ग्रामसभेच्या वहीत लिहून ठेवलंय का?

पाणी कुठल्या नदीचं आणि किती, गाळाचं तळं कुणाच्या शेताच्या वर, धुळीचं यंत्र रात्री चालतंय हे कोण बघणार, याची उत्तरं माडियात, गोंडीत, लेखी मागा. तोवर कोऱ्या ठरावावर कुणी अंगठा देऊ नये.