थ्यूअरचे फिरते कडे
रिव्हॉल्वरचे सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचे फिरते चक्र, मागून काडतूस भरता यावे म्हणून आरपार छेदण्याचा हक्क रोलिन व्हाइटच्या १८५५ च्या पेटंटामुळे १८६९ पर्यंत स्मिथ अँड वेसन कंपनीकडे राहिला असल्याने, कोल्ट कंपनीतील अलेक्झांडर थ्यूअर याने १८६८ मध्ये मागे निमुळते होणारे काडतूस समोरून भरण्याची युक्ती पेटंट केली. सिलिंडरमागच्या कड्यातील खिळीवर घोडा आपटला की बार उडे. कडे किंचित फिरवल्यास मात्र तोच घोडा रिकामे काडतूस पुढे ढकलून देई, आणि हीच या रचनेतील खरी प्रतिभा होय. शिवाय जुने सिलिंडर चढवताच तेच रिव्हॉल्वर सुटी दारू, शिशाची गोळी व आघाताने पेटणारी तांब्याची टोपी यांवरही चाले.