यंदाचा आगेरा सगळ्यांचा

मरोळ, कोंडिविटे, चकाला आणि अंधेरीच्या इतर गावठाणांतल्या ख्रिस्ती बंधुभगिनींनो,

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा आहे. आपल्या शेतांवर टॉवर उभे राहून जमाना झाला. भाताच्या लोंब्या आता बाहेरून मागवाव्या लागतात. तरी लुगडी नेसून निघालेल्या आपल्या बाया, पुढे वाजणारा बँड, लोंब्यांवर पवित्र पाणी शिंपडणारे फादर, हा थाट काही कमी होत नाही. होऊही नये. विनंती इतकीच, की यंदाच्या मिरवणुकीत नुसती आपली आपलीच माणसं नकोत.

"देऊळ आमचं, हे सगळे बाहेरचे," असं आपल्याकडे हल्ली सर्रास बोललं जातं. बाहेरचे म्हणजे कोण? टॉवरमधलं मंगळुरी कुटुंब. आपल्याच माळ्यावर भाड्याने राहणारं तमिळ जोडपं. झारखंडहून घरकामाला आलेली, रविवारच्या मिस्सेला मागच्या खांबाशी उभी राहणारी मुलगी. बाप्तिस्मा त्यांचाही झालाय, आणि गावठाणकरांसाठी वेगळा बाप्तिस्मा नसतो.

'ईस्ट इंडियन' हे नाव आपल्या पूर्वजांनी १८८७ साली घेतलं, राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी. गोवा-मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, इथले मूळचे, हे सरकारला कळावं म्हणून. पोटाचा प्रश्न होता, त्यात गैर काही नव्हतं. पण नोकरीच्या अर्जावरची ती ओळख देवळाच्या दारात कशाला आणायची?

आणि मूळचे तरी कुठवर म्हणायचं? जेझुइटांनी १५७९ साली कोंडिविट्याला संत योहान बाप्तिस्ताचं देऊळ बांधलं. १८४० मध्ये साथ आली, लोक मरोळला आले आणि देऊळ ओस पडलं. आज त्याच्या भिंती सीप्झच्या कुंपणाआत आहेत. छप्पर नाही, एरवी आत सोडत नाहीत, वर्षातून एकदा मे महिन्यात तिथे मिस्सा होते. तिथे गेलेल्यांनी पाहिलंय, वर उघडं आभाळ आणि खाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या. देऊळ मागे सुटलं तरी धर्मग्राम तुटलं नाही, कारण माणसं एकमेकांना धरून राहिली. मरोळला तीही नवीनच होती, हे विसरू नका.

माणसांची केली तशीच पावित्र्याचीही आपण वाटणी करून ठेवलीय. ते फादर-सिस्टरांकडे सोपवायचं आणि आपण मोकळे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालीच स्पष्ट सांगितलं की पावित्र्याचं बोलावणं प्रत्येकाला आहे, संसारी माणसालाही. आपल्यापैकी किती जणांना मात्र पॅरिश ऑफिसची आठवण होते ती पोराच्या शाळाप्रवेशासाठी दाखला हवा असला की! (तरुणांना बोल लावू नका. दाखल्याच्या रांगेत आईबापच असतात.)

ऑक्टोबर हा रोझरीचा महिना. १८९६ च्या प्लेगात मुंबईत ठिकठिकाणी क्रूस उभे राहिले, लोक त्यांच्यापाशी जमून प्रार्थना करायचे. आज आपल्या गल्लीतल्या क्रूसाला स्कूटर टेकवलेली असते. ती हलवा, चौथरा धुवा, झेंडूचा हार घाला आणि संध्याकाळी रोझरी म्हणा. मराठी सोडू नका. घरात म्हातारी असेल तर सुरुवात तिलाच करू द्या. पण एक दशक तमिळमध्ये होऊ दे, एक कोकणीत, एक त्या झारखंडच्या मुलीच्या बोलीत. मरियामाईला सगळं कळतं.

आगेऱ्याला गावठाणातल्या प्रत्येक घराने निदान एक कुटुंब सोबत आणावं. आमंत्रण व्हॉट्सॲपवर टाकून मोकळे होऊ नका, दार वाजवून सांगा. लोंब्यांची जुडी पाहुण्यांच्याही हातात द्या, मिरवणुकीत त्यांना पुढे चालू द्या. फुगे आणि इंदियाल नेहमीपेक्षा जास्त करा. आणि त्या मुलीला वाढायला उभी करू नका, पंगतीत बसवा.

आपला,
एक गावठाणकर