किती सेकंद थांबायचं?

मुलांनो, आमच्या करंजाड्यात कुठे ना कुठे इमारतीचं बांधकाम चाललेलंच असतं, त्यामुळे वाळूला तोटा नाही! अशा वाळूच्या सपाट थरावर नळीनं पाण्याची धार सोडून बघा (मोठ्यांना विचारून हं). धार एका जागी जितका जास्त वेळ, तितका खड्डा खोल. नळी भरभर फिरवली तर नुसता ओरखडा. पण खड्डा काही फक्त धारेखालीच पडत नाही, शेजारची वाळूही थोडी जाते.

त्या 'थोडी'मुळेच सगळा घोळ होतो बघा. ओळीनं तीन चौकोन आखा. समजा, धार १ सेकंदात खालच्या चौकोनात २ मिलिमीटर खोदते आणि लगतच्या चौकोनांत १-१ मिलिमीटर. आपल्याला खोली हवी ४, ६, ४. मग २, ३, २ सेकंद थांबू, असं वर्गात बहुतेक जण पटकन सांगतात. मांडून बघा! खोली येते ७, १०, ७. बरोबर उत्तर १, २, १. मधल्या चौकोनाला स्वतःचे ४ आणि शेजाऱ्यांकडून १-१, झाले की नाही ६?

वाळू जास्त गेली तर परत टाकता येते. काचेचं तसं नाही. हवाई बेटावरच्या केक दुर्बिणीचा १० मीटरचा आरसा ३६ षटकोनी तुकड्यांचा आहे. आधी गोल तबकड्या घासून पॉलिश केल्या, मग कडा कापल्या. तर कापताच तबकड्या किंचित वाकल्या! पुन्हा घासावं तर कडा बिघडायची भीती. मग निर्वात पेटीत ठेवून आयनांचा झोत सोडायची युक्ती कामी आली. आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू. तो वेगानं आदळला की काचेचे अणू उडतात. काचेवर हात नाही, दाब नाही. झोतानं कुठे किती वेळ थांबायचं, ते ठरतं आपल्याच गणितानं. फक्त चौकोन तीन नाहीत, खूप असतात, म्हणून संगणक लागतो.

आता ४९२ तुकड्यांच्या, ३० मीटर आरशाच्या दुर्बिणीची योजना आहे. त्यात भारतही भागीदार आहे आणि आपल्या पुण्याची 'आयुका' संस्था त्या कामात आहे.

हं, आता तुमची पाळी. तीच धार, खोली हवी ५, ९, ७. कुठे किती सेकंद थांबाल? उत्तर पुढच्या अंकात. आणि आई-बाबांनो, तुम्ही आधी सांगायचं नाही!