पाच बिऱ्हाडे, एक जनित्र

कार्तिक महिन्यात साजगावला बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. खालापूर-कर्जतकडच्या वाचकांना तिच्याविषयी वेगळे सांगायला नको. विठोबाच्या यात्रेत सुक्या बोंबलांचा बाजार, हा योग दुसरीकडे क्वचितच जुळून येत असेल! पण आज मी तुम्हाला बाजारातून नव्हे, बाजाराच्या पाठीमागून नेणार आहे. यात्रेत पाळणे, खेळणी, मिठाई घेऊन येणारी माणसे ज्या ट्रक-टेम्पोंतून येतात, त्या गाड्या मागच्या बाजूला उभ्या असतात. यात्रा संपेपर्यंत त्या गाड्या हेच त्यांचे घर. फळीवर अंथरूण, खाली भांडीकुंडी, दाराशी चूल. तिन्हीसांजा झाल्या की एकेका गाडीशेजारी कोणीतरी वाकून दोरीला झटका देतो, निळसर धूर निघतो आणि धडधड सुरू होते. हे त्या घराचे वीजघर.

फिरत्या घराची हौस अमेरिकेत मोठी आहे. तिथे लोक झोपायची-जेवायची सोय असलेल्या गाड्या घेऊन सुटीत भटकतात. आपल्याकडेही महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. हौशी प्रवासी असो की पाळणेवाला, दोघांचाही दुकानदाराला पहिला प्रश्न एकच असतो : स्वस्तातले, उचलून नेता येणारे जनित्र कोणते? माझ्या मते हा प्रश्नच अर्धवट आहे. जनित्राची किंमत एकदाच मोजायची असते. पेट्रोलची किंमत रोज रात्री. म्हणून आधी विचारायला हवे, 'माझा भार किती?' आणि लगेच दुसरा प्रश्न, 'हा भार मी एकट्यानेच का उचलायचा?'

भार काढणे सोपे आहे. समजा, एका गाडीत ९ वॉटचे चार एलईडी दिवे, ५० वॉटचे दोन पंखे, ४० वॉटचा लहान टीव्ही आणि मोबाइल भारायला २० वॉट. बेरीज झाली १९६. आपण २०० वॉट धरू. संध्याकाळी सहापासून बारापर्यंत, म्हणजे सहा तास वापर केला, तर १२०० वॉट-तास होतात. एक हजार वॉट-तासांना आपण 'एक युनिट' म्हणतो. म्हणजे या बिऱ्हाडाची रात्रीची गरज अवघी १.२ युनिट!

आता यंत्राच्या पोटात डोकावू. १८३१ मध्ये मायकेल फॅरेडेने दाखवले, की तारेचे वेटोळे आणि चुंबक एकमेकांच्या संदर्भात हलते ठेवले, तर तारेत वीज निर्माण होते. साध्या पेट्रोल जनित्रात इंजिन हेच फिरवण्याचे काम करते. आपल्या घरातला प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने घेतो. दोन ध्रुवांच्या जनित्रात एका फेऱ्याला एक आवर्तन मिळते. म्हणजे सेकंदाला ५० फेरे, मिनिटाला ३००० फेरे व्हायलाच हवेत. एक दिवा लावा की वीस दिवे लावा, फेरे तेवढेच! भार वाढला की जास्त पेट्रोल सोडायचे आणि कमी झाला की हात आखडायचा, हे काम गतिनियंत्रक करतो. पण भार शून्य झाला तरी पेट्रोल शून्य होत नाही. इंजिनातले घर्षण, हवा आत खेचण्याचे श्रम, थंड करणारा पंखा आणि बाहेर फेकली जाणारी उष्णता यांचा वाटा द्यावाच लागतो. खोपोलीहून कर्जतला निघालेल्या एस.टी.त एकच उतारू असला, म्हणून डिझेल एका उतारूपुरते लागत नाही. तसाच हा प्रकार.

यात्रेत दिसणाऱ्या यंत्रांत सर्वांत स्वस्त आणि हलके ते टू-स्ट्रोक. यात पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. शिवाय ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर निसटतो. त्या निळ्या धुराचे आणि उग्र वासाचे कारण हेच. दुसरे साधे फोर-स्ट्रोक : जड, टिकाऊ, दणकट. तिसरे इन्व्हर्टर जनित्र. यात युक्ती अशी, की इंजिनाला ३००० फेऱ्यांची सक्ती नसते. निर्माण झालेला प्रवाह आधी एकदिश करून घेतात आणि मग इलेक्ट्रॉनिक मंडल त्यातून पुन्हा ५० आवर्तनांचा प्रवाह घडवते. भार कमी असेल तेव्हा इंजिन हळू चालते; पेट्रोल वाचते आणि आवाजही कमी होतो. किंमत मात्र साध्या यंत्राच्या दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही अधिक.

आपल्या २०० वॉटच्या बिऱ्हाडाला यांपैकी काय परवडेल? पुढचे आकडे ढोबळ आहेत, यंत्रागणिक थोडे बदलतील. पण क्रम बहुधा बदलणार नाही. हिशेब सोपा जावा म्हणून पेट्रोल लिटरला १०० रुपये धरू.

लहान टू-स्ट्रोक यंत्र एवढ्या भाराला तासाला सुमारे अर्धा लिटर पिते. सहा तासांत तीन लिटर, म्हणजे ३०० रुपये. दोन किलोवॉटचे साधे फोर-स्ट्रोक यंत्र याच भाराला तासाला ०.७ लिटर घेईल, ४२० रुपये! 'मोठे घेतलेले बरे, पुढे उपयोगी पडेल' असे म्हणणाऱ्याला बसलेला हा भुर्दंड. एक किलोवॉटचे इन्व्हर्टर जनित्र तासाला ०.३ लिटरमध्ये भागवते, १८० रुपये. युनिटच्या भाषेत बोलायचे तर पहिली वीज २५० रुपये युनिट, दुसरी ३५० रुपये आणि तिसरी १५० रुपये. घरच्या वीजबिलावरचा दर शेजारी ठेवून पाहा.

इथे कोणी म्हणेल, की तिसऱ्या यंत्राला द्यायला एकरकमी पैसे कुठून आणायचे? प्रश्न रास्त आहे. टू-स्ट्रोकच्या तुलनेत रात्रीला १२० रुपये वाचतात. यात्रांच्या हंगामात जो शंभर रात्री गाडीत काढतो, त्याचे वर्षाला १२,००० वाचतील. किमतीतला फरक काही वर्षांत भरून निघेल. पण जो वर्षातून दहाच रात्री बाहेर पडतो, त्या हौशी प्रवाशाची बचत १,२०० रुपये. त्याला महाग यंत्र घे असे सांगणे शहाणपणाचे नाही. त्याने भाड्याने घ्यावे. एकाच यंत्राला सरसकट 'उत्तम' म्हणणाऱ्या जाहिराती म्हणूनच मला पटत नाहीत.

आता तो दुसरा प्रश्न. शेजारी उभ्या असलेल्या पाच गाड्यांनी मिळून ते दोन किलोवॉटचे साधे, दणकट यंत्र चालवले तर? भार झाला १००० वॉट. पेट्रोल पाचपट लागेल का? मुळीच नाही. तासाला सुमारे ०.९ लिटर, सहा तासांत ५.४ लिटर, म्हणजे ५४० रुपये. पाच वाटे केले की प्रत्येकी १०८ रुपये! एकट्याने वापरले तर सर्वांत महाग पडणारे यंत्र पाचांत वापरल्यावर महागड्या इन्व्हर्टर जनित्रालाही मागे टाकते. पाचांनी वर्गणी काढून मोठे इन्व्हर्टर जनित्रच घेतले, तर खर्च आणखी उतरेल. पाच इंजिनांची धडधड जाऊन एकाची उरेल, हा आणखी एक फायदा.

भागीदारीत भांडणे होतात हे मला ठाऊक आहे. कोणी गुपचूप पाणी तापवायचा रॉड लावतो आणि सगळ्यांचे दिवे जातात. त्याला उपाय आहे. प्रत्येक गाडीची तार वेगळी, तिच्यावर वेगळा कट-आउट आणि एक लहान मीटर. ज्याने जास्त वीज वापरली त्याने जास्त द्यावे. खोक्यावरचा आकडाही नीट वाचावा. मोठ्या अक्षरांत लिहिलेला आकडा बहुधा कमाल शक्तीचा असतो. ती क्षणभरच मिळते. सतत मिळणारी शक्ती त्याहून कमी असते आणि आपल्याला तीच पाहायची आहे. शीतपेटीसारखे मोटारीचे उपकरण सुरू होताना चालू असतानाच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. तेवढी जागा राखून ठेवावी.

जनित्रच नको असे म्हणता येईल का? २०० वॉटच्या बिऱ्हाडाच्या बाबतीत बरेचदा येईल. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीत १.२ युनिट मावतात. नेमकी आपली गरज! कार्तिकात आकाश निरभ्र असते. टपावरचा ३०० वॉटचा सौर पत्रा दिवसभरात ती बॅटरी बहुतेक भरून काढतो. आषाढात कोकणच्या ढगांखाली ही मात्रा चालणार नाही हेही खरे. पण गाडी एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना तिचे स्वतःचे जनित्र फिरतच असते. योग्य जोडणी केली तर तेही बॅटरी भरते.

आणि साजगावच्या बाबतीत तर एक गंमतच आहे. यात्रेला खेटून असलेल्या खोपोलीत टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून वीज तयार करत आले आहे. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी जाड नळांतून सुमारे ५०० मीटर खाली येते, चक्रे फिरवते आणि पुढे पाताळगंगेला मिळते. तुम्हीच गणित करा. एक हजार लिटर पाणी, म्हणजे एक हजार किलो वस्तुमान, गुणिले ९.८, गुणिले ५००. उत्तर ४९ लाख जूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. गळती-घर्षण वजा जाता हजार लिटर पाण्यातून युनिटभर वीज सहज मिळते. म्हणजे गच्चीवरच्या एका टाकीएवढे पाणी घाटावरून खाली आले, की एका बिऱ्हाडाची रात्र जवळजवळ उजळते. त्याच घाटाच्या पायथ्याशी आपण लिटरमागे नऊ युनिट ऊर्जा असलेले पेट्रोल जाळून, एकट्याच्या जनित्रातून, त्यातले अर्धे युनिटही पदरात पाडून घेत नाही! महावितरण उत्सवांना तात्पुरती जोडणी देते. तिचा दर घरगुती दराहून वेगळा असेल, पण आपल्या भागीदारीतल्या ९० रुपये युनिटच्या जवळपासही जाणार नाही. यात्रेच्या दुकानांना ती मिळते, तशी मागच्या गाड्यांच्या रांगेपर्यंतही एक तार न्यावी, असा आग्रह गावकऱ्यांनी आणि आयोजकांनी धरायला हवा.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट शेवटी राहिली. ती मला जास्त महत्त्वाची वाटते. पेट्रोल अपुरे जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. मग रक्त फिरत राहते, पण प्राणवायू पोचत नाही. डोके दुखते, मळमळते, ग्लानी येते आणि झोपलेल्या माणसाला तर यातले काहीच कळत नाही. कार्तिकातल्या गार रात्री ताडपत्री खाली ओढून आत मुले झोपलेली आणि जनित्र गाडीखाली, कारण बाहेर दव पडते किंवा कोणी चोरून नेईल! हे दृश्य दिसले तर तिथल्या तिथे बोला. जनित्र गाडीपासून किमान सहा मीटर दूर, उघड्यावर, धुराचे तोंड माणसांच्या विरुद्ध दिशेला हवे. 'थोडी फट ठेवली आहे' हे उत्तर पुरेसे नाही. इन्व्हर्टर जनित्राचा आवाज कमी, म्हणून ते जवळ ठेवण्याचा मोह जास्त. त्याचाही धूर तितकाच विषारी. पाचांत एक यंत्र असले, की ते दूर ठेवायला आणि साखळीने बांधायला पाच घरे राजी होतात.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. पुढच्या यात्रेला आठवी-नववीच्या मुलांना वही घेऊन दिवसाउजेडी गाड्यांच्या रांगेतून हिंडवा. उपकरणांवरचे वॉट टिपून प्रत्येक गाडीचा भार काढायला लावा. रोज किती पेट्रोल भरता आणि यंत्र किती तास चालते, हे मालकांना विचारा. भागाकार मुलांनी करायचा आणि आलेला युनिटचा दर त्या मालकालाही सांगून यायचा. यंत्र चालू असेल तर मुलांना वारा येतो त्या बाजूला उभे करा.