अपडेट आजच की आठवडाभराने?

घरचा कॉम्प्युटर बिघडला की पहिला संशय शेवटच्या अपडेटवर जातो आणि पहिला सल्ला ‘फॉरमॅट मारून टाका’ असा मिळतो. दोन्हींत घाई आहे. काल चालत होता आणि आज चालत नाही, तर मधल्या काळात काय बदलले हे आधी पाहावे. नवा प्रिंटर जोडला, कुठले सॉफ्टवेअर टाकले, वीज अचानक गेली, की खरोखरच अपडेट आले?

आठवणीवर विसंबण्याची गरज नाही, कारण विंडोज याची नोंद स्वतःच ठेवते. स्टार्टच्या शोधचौकटीत ‘रिलायबिलिटी’ असे टाइप केले की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ हा पर्याय दिसतो. त्यात दिवसवार रकाने असतात. प्रोग्राम कोसळला तिथे लाल फुली आणि काही इन्स्टॉल झाले तिथे निळे चिन्ह. लाल फुल्या अपडेटच्या तीन दिवस आधीपासून दिसत असतील, तर अपडेट निर्दोष आहे. एवढे उपयोगी साधन इतके अडगळीत ठेवलेले असावे, हे खरोखर वाईट आहे.

यानंतरचा उपाय रीस्टार्टचा. तो शट डाउनपेक्षा वेगळा असतो, हे अनेकांना ठाऊक नसते. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आले. ते चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. त्यामुळे रोज रात्री बंद होणाऱ्या कॉम्प्युटरच्या टास्क मॅनेजरमध्येही ‘अप टाइम’ बारा-पंधरा दिवसांचा दिसू शकतो. अडकलेला ड्रायव्हर अशा वेळी तसाच अडकून राहतो. रीस्टार्ट केले की सगळे नव्याने सुरू होते.

कॉम्प्युटर मंद झाला असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि डिस्कचा रकाना पाहावा. जुनी फिरती हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर अपडेटनंतर तो आकडा तास-दोन तास शंभर टक्क्यांवर राहू शकतो. मागे कामे चालू असतात, ती होऊ द्यावीत. दिवसेंदिवस तसेच राहिले तर सी ड्राइव्हमध्ये जागा उरली आहे का ते बघावे. वीसेक जीबी मोकळी असलेली बरी. जुन्या मशीनवर एकदाच खर्च करायचा असेल तर तो एसएसडीवर करावा, त्याने पडतो तेवढा फरक दुसऱ्या कशाने क्वचितच पडतो.

काही बिघाड सॉफ्टवेअरचे वाटतात आणि निघतात भलतेच. जुन्या डेस्कटॉपवर एकाएकी बँकेची साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणू लागते, अपडेटही अडते. कोपऱ्यातली तारीख पाहिली तर ती काही वर्षे मागे गेलेली असते. मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्यासारखा तीन व्होल्टचा सेल, सीआर २०३२, संपलेला असतो. तारीख चुकली की साइटची प्रमाणपत्रे मुदतीबाहेरची ठरतात. विंडोज नेटवरून वेळ जुळवते, पण फरक मोठा असला की ते जमेलच असे नाही. सेल स्वस्त असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो. पावसाळ्यात दमट हवेच्या गावांत आणखी एक तक्रार हमखास येते: पंखा फिरतो, पण स्क्रीन काळाच. प्लग काढून रॅमची पट्टी बाहेर घ्यायची, तिची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसायची आणि पट्टी घट्ट बसवायची. हा दुरुस्तीवाल्यांचा जुना उपाय अजूनही कामी येतो.

आता अपडेटकडे. २००३ पासून मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेच्या दुरुस्त्या देते. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते आणि आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा, म्हणून भारतात त्या प्रत्यक्षात बुधवारी पोहोचतात. दुरुस्ती जाहीर झाली की नेमके भोक कुठे होते हेही जाहीर होते. जुनी आणि नवी फाइल ताडून पाहणारे हल्लेखोर त्याच दिवशी कामाला लागतात. खंडणी मागणाऱ्या ‘वॉनाक्राय’ व्हायरसने ज्या भोकातून शिरकाव केला, त्याची दुरुस्ती १४ मार्च २०१७ ला आली होती. हल्ला झाला १२ मे रोजी. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस ‘नॉटपेट्या’ या दुसऱ्या व्हायरसने न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले. पसरण्यासाठी त्यानेही तेच भोक वापरले होते. दोन-तीन महिने आधी आलेली दुरुस्ती लावायची राहिली, याची ही किंमत.

पण अपडेट थांबवणाऱ्यांची भीतीही खोटी नाही. ‘नॉटपेट्या’ मुळात शिरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० च्या मोठ्या अपडेटने काही जणांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइल्स पुसल्या. मायक्रोसॉफ्टला ते मागे घ्यावे लागले आणि नोव्हेंबरात पुन्हा द्यावे लागले. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. ती कार्यालयांतली होती, घरची नव्हेत.

म्हणून सगळ्या अपडेट्सना एकच नियम लावू नये. महिन्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या तीन-चार दिवस थांबून, पण आठवड्याच्या आत घ्याव्यात. नेट बँकिंग होत असलेल्या मशीनवर याहून उशीर धोक्याचा. ब्राउझरचे अपडेट मात्र त्याच दिवशी घ्यावे, कारण बाहेरच्या जगाशी पहिला संबंध त्याचाच येतो. वर्षातून एकदा येणारी नवी आवृत्ती महिना-दोन महिने थांबली तर काही बिघडत नाही, आणि महिनाअखेरीस ‘प्रीव्ह्यू’ म्हणून येते ते सोडून द्यावे. ड्रायव्हर नीट चालत असेल तर त्याला हात लावू नये. बायोसचे अपडेट वीज जाण्याची शक्यता असताना यूपीएसशिवाय कधीही करू नये. ते अर्ध्यात तुटले तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो. त्याआधी डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. मायक्रोसॉफ्ट खात्यात ती असते, पण मशीन ती मागू लागते तेव्हा खात्याचा पासवर्ड आठवेलच याची खात्री नसते.

परीक्षेचा अर्ज किंवा विवरणपत्र भरण्याची शेवटची तारीख उद्यावर असेल, तर आज अपडेट नको. सेटिंग्जमध्ये ती काही आठवडे थांबवता येतात. अपडेट सुरू करण्यापूर्वी फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर घ्यावीत आणि ती डिस्क काढून ठेवावी. टक्केवारी एका आकड्यावर थांबली तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेपर्यंत पॉवरचे बटण दाबू नये. मशीन सलग दोन-तीनदा चालू होता होता बंद पडले, की विंडोज आपणहून दुरुस्तीचा पडदा उघडते. त्यातल्या ‘ट्रबलशूट’मध्ये शेवटचे अपडेट काढण्याची सोय आहे. नव्या आवृत्तीवरून मागे जायला साधारण दहा दिवसांची मुदत मिळते. या सगळ्यात पडद्यावर फोन नंबर झळकला आणि ‘मायक्रोसॉफ्टला कॉल करा’ असे आले, तर ती फसवणूकच समजावी. खऱ्या विंडोजच्या सूचनेत फोन नंबर नसतो.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केलेल्या घरगुती मशीनना सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी त्यानंतर वर्षभराची मुदतवाढ दिली गेली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते, त्यामुळे धडधाकट चालणारी कितीतरी मशीन अडून बसली आहेत. ती भंगारात घालायचे कारण नाही. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता, चालवून पाहता येते. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे. मात्र ज्या घरात श्रीलिपीत छपाईची कामे होतात किंवा टॅलीवर हिशेब चालतात, तिथे विंडोजच लागेल. पेनड्राइव्हवरून चालवतानाच घरचा प्रिंटर आणि वायफाय चालतात का, ते तपासून मग डिस्कवर घालावे.