कासवाची पेटी

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आमच्या भाचीचा इंग्लंडहून फोन आला. ती तिकडे बर्मिंगहॅमला इस्पितळात नर्स आहे. ‘जय भीम मामा’ झाले, घरच्यांची ख्यालीखुशाली झाली आणि मग ती म्हणाली, “मामा, पोरीच्या कासवासाठी लाकडी पेटी केली आहे. आतून काय लावू? ओलीने लाकूड फुगेल ना?”

भाचीच्या लेकीने नवव्या वाढदिवसाला कासव मागितले होते. दक्षिण युरोपात आढळणारे हर्मन जातीचे हे जमिनीवरचे कासव. तिकडे ते विकायला सरकारी प्रमाणपत्र लागते आणि प्रमाणपत्रासह पाळता येते. नीट सांभाळले तर ते पन्नास वर्षे सहज जगते. म्हणजे आज नऊ वर्षांची पोर आजी होईल, तरी कासव घरातच असेल.

आम्ही हुशारीने लगेच सांगणार होतो, “जळके ऑईल मार, वाळवीसुद्धा लागत नाही.” तोंडापर्यंत आलेला शब्द आम्ही गिळला, कारण आम्हाला वडिलांचे खुराडे आठवले.

आमचे वडील भुसावळला रेल्वेत खलाशी होते. आम्ही शाळेत असताना त्यांनी जुन्या खोक्यांच्या फळ्यांचे खुराडे केले आणि वाळवी लागू नये म्हणून आतून-बाहेरून जळके ऑईल दिले. दिवस मे महिन्याचे. दुसऱ्याच दिवशी त्यात कोंबडीची सात पिल्ले ठेवली आणि रात्री थंडी-मांजराच्या भीतीने वरून पोते टाकले. सकाळी चार पिल्ले मेलेली होती. आईने ती परसात पुरली. मरीचा रोग आला, असे शेजारी म्हणाले. वडील काही बोलले नाहीत, पण ते खुराडे त्यांनी पुन्हा वापरले नाही. कारण कुणी तपासले नव्हते, तरी त्या खुराड्याचा उग्र वास आजही आमच्या नाकात आहे.

म्हणून भाचीला म्हटले, “पोरी, थांब. चार दिवस दे.” मग आम्ही वाचले, कॉलनीतल्या जुन्या सुतारकाकांना विचारले आणि भाचीकडून तिकडच्या डब्यांवरचा मजकूर फोनवर वाचून घेतला. त्यातून जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो. कासव नसले तरी कोंबड्या-सशांचे खुराडे करणाऱ्यास ते उपयोगी पडेल.

कासवाच्या पेटीत माती आणि वाळूचा थर असतो. पिल्लाची पाठ नीट वाढावी म्हणून तो थोडा ओलसर ठेवावा लागतो. एका टोकाला उष्णतेचा दिवा असतो आणि त्याखाली तीस-पस्तीस अंशांपर्यंत ऊब असते. ओलीने प्लायवूडचे थर सुटतात, कोपऱ्यांत बुरशी येते. म्हणून लेप हवाच. पण उष्णतेने कच्च्या लेपाची वाफ निघते, आणि कासवाचे नाक असते जमिनीलगत. त्याला आपल्यासारखा श्वासपटल नाही, त्यामुळे जोराने खोकून छाती मोकळी करणे त्याला जमत नाही. शिवाय ते भिंती नखांनी खरवडते, कडा चावते. त्रास झाला तर ओरडून सांगत नाही, अन्न सोडते आणि पडून राहते. कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

तेव्हा पहिली गोष्ट लाकडाची. जुन्या कुंपणाच्या किंवा अंगणातल्या फळ्या घेऊ नयेत. पूर्वी अशा लाकडात तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवीत. अमेरिकेत घरगुती लाकडासाठी त्याचा वापर २००३ अखेर थांबला, पण जुन्या फळ्या अजून फिरतात. डांबरापासून निघणारे क्रिओसोट ब्रिटनमध्ये घरगुती वापरासाठी २००३ पासून बंद आहे. ते दिलेले लाकूडही नको. मालाच्या खोक्यांवर ‘एमबी’ शिक्का असेल तर त्यांना मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, तीही टाळावी. ‘एचटी’ म्हणजे नुसती उष्णता दिलेली. उग्र वासाचे देवदारही नको.

दुसरी गोष्ट लेपाची. थिनर किंवा टर्पेंटाइनचे व्हार्निश नको, पाण्यात मिसळणारे घ्यावे. लहान मुलांच्या खेळण्यांना चालणाऱ्या रंगावर युरोपात ‘ईएन ७१-३’ असे लिहिलेले असते. ते पाहावे, पण तेवढ्यावर विसंबू नये. ती खूण जड धातूंपुरती आहे, वासाची हमी नव्हे. लाकूड पॉलिश पेपरने घासून, पुसून तीन हात द्यावेत. प्लायवूड सर्वांत जास्त पाणी कापलेल्या कडेतून पिते, म्हणून कडांना एक हात जास्त. पेटीखाली पाय लावावेत, म्हणजे तळाला हवा लागते. वरचा भाग उघडाच ठेवावा.

तिसरी गोष्ट सांध्यांची. न्हाणीघराच्या सिलिकॉनमध्ये बहुधा बुरशीनाशक असते. त्याऐवजी मत्स्यपेटीचे घ्यावे. ओले असताना त्याला व्हिनेगरसारखा वास येतो, तो पूर्ण जाऊ द्यावा. याहून निर्धोक उपाय म्हणजे माशांच्या तळ्यात घालतात तो रबरी कागद तळाशी अंथरून चारी बाजूंनी वीतभर वर घेणे. त्याची कड लाकडी पट्टीखाली दाबावी, म्हणजे कासवाला ती चावता येत नाही.

आणि चौथी गोष्ट, जी वडिलांना कुणी सांगितली नव्हती : थांबणे. डब्यावर ‘दोन तासांत कोरडे’ लिहिलेले असते, ते फक्त हाताला कोरडे. आतपर्यंत पक्के व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. मग रिकाम्या पेटीत दिवसभर दिवा लावून, तळाशी नाक नेऊन वास घ्यावा. वास आला की आणखी थांबावे.

येथे एक स्पष्ट सांगतो. हे वाचून आपल्याकडे कुणी चांदण्यांच्या पाठीचे कासव आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळणे गुन्हा आहे. २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वांत कडक बंदी आली. घरात कासव ठेवल्याने पैसा येतो, या समजुतीपायी रानातले जीव पिशव्यांत कोंबून विकले जातात. पैसा येतो तो विकणाऱ्याकडे. कुणाकडे असे कासव असल्यास ते नदीत सोडू नये, ते जमिनीवरचे आहे, बुडून मरेल. वनखात्याच्या स्वाधीन करावे.

भाचीने चोवीस दिवस वाट पाहिली. तोवर कासव प्लास्टिकच्या मोठ्या टबात होते आणि पोर रोज विचारीत होती, “आज?” अखेर परवा फोटो आला. कासव नव्या पेटीत दिव्याखाली मान लांब करून बसले होते.

आम्ही तो आईला दाखविला. आईने चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि एवढेच विचारले, “ऑईल तर नाही ना लावलं तिनं?”

नाही लावले, असे आम्ही सांगितले.