चाकोरीतील अहिंसा

दीपावली सरते, कार्तिक पौर्णिमा उलटते आणि चातुर्मासानिमित्त एका गावी स्थिरावलेल्या साधू-साध्वींची पावले पुन्हा वाटेला लागतात. पावसाळ्यात उगवणारे तृण आणि असंख्य सूक्ष्म जीव यांच्या रक्षणासाठी स्वीकारलेले विहाराचे बंधन या सुमारास संपते. चिखल वाळलेला असतो, ऊन सौम्य असते. आपणा गृहस्थांनीही पायी फिरावे, असा हाच काळ आहे.

हातकणंगले, कुंभोज, बाहुबली या परिसरात मार्गशीर्ष-पौषातील एखाद्या सकाळी पाणंदीने चालून पाहावे. दोन्ही अंगांना उभा ऊस. एखाद्या फडात तोड चाललेली, तर शेजारी तुटून गेलेल्या उसाचा खोडवा फुटू लागलेला. हरभऱ्यावर दव असते. पाटाच्या कडेने परीट पक्षी शेपटी हलवीत फिरतो. दूरच्या गुऱ्हाळावरील काहिलीचा गोड वास वाऱ्याबरोबर येतो आणि बाहुबलीचा डोंगर सोबतीला असतो. वाहनाचा आवाज जवळजवळ नाहीच.

या शांततेचे मोल केवळ आरोग्यापुरते नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात पाच समिती सांगितल्या आहेत. त्यांत पहिली ईर्या समिती. सूर्यप्रकाशात, पुढची सुमारे चार हात भूमी निरखीत, घाई न करता चालणे, हा तिचा आशय. मुनींसाठी ते कर्तव्य आहे, श्रावकांसाठी अभ्यास. हा अभ्यास मोठ्या रस्त्यावर होत नाही. तेथे नजर भूमीवर ठेवावी तर वाहनाचे भय, आणि वाहनाकडे ठेवावी तर पायाखालची मुंगी दिसत नाही. पाणंदीत नजर निश्चिंतपणे खाली ठेवता येते.

पाणंदीच्या मधोमध गवताचा पट्टा असतो आणि दोन बाजूंना बैलगाड्यांनी पाडलेली चाकोरी. ‘चाकोरीबद्ध’ हा शब्द आपण हिणवण्यासाठी वापरतो. परंतु ज्या वाटेवरून गाड्या, जनावरे, माणसे आधीच गेली आहेत आणि जिच्यावर ऊन पडले आहे, तीच वाट आपल्या परंपरेत प्रासुक, म्हणजे चालण्यास योग्य मानली आहे. गवत तुडविण्यापेक्षा चाकोरीतून चालणे, ही साधी अहिंसा आहे.

विहारातील अपघातांची वृत्ते आपण अधूनमधून वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. महामार्ग टाळून आतल्या वाटेने जावे, असा उपाय लगेच सुचविला जातो. पण ती वाट उरली आहे का? अनेक ठिकाणी जुन्या पाणंदी इतक्या अरुंद झाल्या आहेत की गाडी दूरच, दोन माणसेही शेजारी शेजारी चालू शकत नाहीत. प्रत्येक नांगरटीला वीतभर, असे करत बांध पुढे सरकला आहे. दक्षिण महाराष्ट्रातील आपला समाज बहुतांशी शेतकरी. तेव्हा हे बांध केवळ इतरांचेच आहेत, असे म्हणता येणार नाही. जे दिलेले नाही ते घेणे म्हणजे अदत्तादान. अचौर्याणुव्रत नेमके त्याचाच त्याग सांगते. पाणंद कोणा एकाची नसते, म्हणून ती घेताना कोणाचे घेतले असे वाटत नाही, एवढेच.

या हिवाळ्यात तीन गोष्टी सहज करता येतील. आपल्या शेतालगतची पाणंद गावनकाशाशी ताडून पाहावी आणि बांध पुढे गेला असल्यास आपण होऊन मागे घ्यावा. मुला-नातवंडांना एखाद्या रविवारी त्या वाटेने चालवावे. आणि गावी संघ आला, तर पुढच्या गावाची आतली वाट आधी स्वतः चालून पाहावी, मगच सुचवावी. दोन-तीन किलोमीटरचा फेरा पडला तरी अर्ध्या-पाऊण तासाचाच प्रश्न आहे, आणि थंडीच्या दिवसांत उन्हाचा जाच नसल्याने उजाडेपर्यंत थांबून निघणेही सोयीचे जाते.

धर्मशाळा बांधणाऱ्याचे नाव शिळेवर कोरले जाते. पाणंद मोकळी करणाऱ्याचे कोठेही कोरले जाणार नाही. तरीही ते दान लहान नव्हे.

जय जिनेंद्र.